जवाईबापू फिरायला गेले

२ मे, शुक्रवार
कारंज्यात, सासुरवाडीला मुक्काम. शाळेला सुट्टी लागली. वाशीमहून एसटीने आलो. स्नेहा खिडकीत बसली आणि बॅगा मी सांभाळल्या. (तिने चढवल्या, मी सांभाळल्या.)

सासरे भिवाजी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. सासूबाई भागिरथाबाई. मेव्हणा राजपाल, त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. सगळे मला मानतात. आल्या आल्या कूलर माझ्याकडे वळवला. सांगावं लागलं, पण वळवला.

संकल्प: महिनाभर रोज संध्याकाळी कारंजा पायी बघायचं. एवढं जुनं शहर! चार वेशी, ऋषी तलाव, जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकाम. इथल्या लोकांना किंमत नाही. मी इतिहासाचा शिक्षक. रोज एक ठिकाण, शेवटी एक पुस्तक. निदान लेख. अगदीच नाही तर स्टेटस.

४ मे, रविवार
पहिला हेरिटेज वॉक. सोबत स्नेहा, सासरे, राजपाल. पोहा वेशीपाशी उभं राहून मी समजावलं की पूर्वी इथे पोह्यांचा बाजार भरत असणार. राजपाल म्हणाला, पोहा नावाचं गाव आहे पुढे, रस्ता तिकडे जातो. स्नेहा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. माझ्यामुळे घरात आनंद आहे.

येताना तिने "मले तहान लागली" म्हटलं. तिथेच सुधारलं. मले नाही, मला. दोनदा म्हणून घेतलं. रसवंतीवाल्यासमोर तिला जरा लाज वाटली, पण लाजेशिवाय भाषा सुधारत नाही.

५ मे, सोमवार
आज कोणी आलं नाही. स्नेहाचे पाय दुखतात. सासऱ्यांचा गुडघा. राजपालला गिऱ्हाईक. सासूबाई मात्र म्हणाल्या, "तुमी कायले थांबता? जा ना मस्त फिरून या. सावकाश या." बाईला शिक्षण नाही, पण जाण आहे.

एकट्यानेच दिल्ली वेस. कमानीकडे बघत विचार केला. डासांमुळे विचार अर्धवट राहिला.

घरी आलो तर स्नेहा अंघोळ करून बसलेली. दिवसातून दोनदा अंघोळ! वाशीमला हे चालणार नाही.

७ मे, बुधवार
सासूबाईंनी साडेपाचलाच चहा पुढे केला आणि चप्पल उंबऱ्याबाहेर सरळ करून ठेवली. असा मान वाशीममध्ये कुठे? स्नेहा माझा चहा गार झाला तरी बघत नाही.

राजपालचा रोज फोन येतो. "भाऊजी, कुठवर आले? निघाले का?" काळजी करतो बिचारा. आज चिडवायचं म्हणून "दारातच आहे" म्हटलं, तर पलीकडे एकदम धावपळ. नंतर म्हणाला, कुत्रं घरात घुसलं होतं. यांच्या गल्लीत कुत्री फार.

९ मे, शुक्रवार
स्नेहाच्या अंगाला स्पिरिटचा वास. विचारलं. म्हणाली, मच्छर चावला, आईने लावलं. मच्छरासाठी स्पिरिट! सायन्सची विद्यार्थिनी ना ही? लग्नाआधी लॅब टेक्निशियनचा कोर्स केलाय. गेल्या वर्षी वाशीमला एका लॅबमध्ये नोकरी मिळत होती. मीच लॅबवाल्याला परस्पर फोन करून सांगितलं की तिची तब्येत बरी नसते, ती येणार नाही. तिला वाटलं, त्यांनीच घेतलं नाही. दोन दिवस रडली. मी समजूत काढली, "सगळ्यांना सगळं जमत नाही." नवऱ्याला असे निर्णय गुपचूप घ्यावे लागतात. क्रेडिट मिळत नाही.

११ मे, रविवार
आज कोणीच फिरायला जा म्हटलं नाही. चहाही उशिरा. मीही गेलो नाही. स्नेहा दिवसभर झोपली. काम काय करते, एवढं दमायला?

संध्याकाळी अंगणात वेशींवर व्याख्यान दिलं. सासरे शेवटपर्यंत बसले. नंतर कळलं, त्यांना डुलकी लागली होती. तरी बसले तर होते.

१३ मे, मंगळवार
सासूबाई म्हणाल्या, आज जरा लांब जा, ऋषी तलावाकडं हवा चांगली असते. गेलो. हवा नव्हती. चप्पल तुटली. ऑटो केला नाही, संकल्प म्हणजे संकल्प. लंगडत आलो. एका घरासमोर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "हेच ना भिवाजीचे जवाई? रोज हिंडून राह्यले." माझं नाव होतंय.

पुस्तकाचं पहिलं वाक्य सुचलं: "कारंजा हे शहर आहे." उद्या पुढे.

१५ मे, गुरुवार
हात दुखतोय, तरी लिहितो.

दुपारी आमरस चार वाट्या. त्यावर झोप. सासूबाईंनी पाचलाच उठवलं. बाहेर भट्टी. पाणी घेतलं नाही, जुने प्रवासी कुठे बाटल्या घेऊन फिरत? दारव्हा वेशीपाशी डोळ्यांसमोर अंधारी आली. एका टरबूजवाल्याने ऑटोत घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, तरी रक्त तपासून घेऊ. बाजूलाच लॅब.

पडदा सरकवून स्नेहा आली. पांढरा कोट. हातांत रबरी हातमोजे.

मला वाटलं, भास.

तिने विचारलं, "नाव?"

मी म्हटलं, तुला माहीत नाही?

"पेशंटले विचारावंच लागते."

सांगितलं, प्रसेनजित. तिने वयही विचारलं. मग दंडाला रबर बांधलं. घट्ट.

डॉक्टरांनी आत डोकावून विचारलं, मॅडम, ओळखीचे का? ती म्हणाली, "वाशीमचे पाहुणे हायेत."

पाहुणे!

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, इथे काय करतेस? म्हणाली, नोकरी. कधीपासून?

"तुमी एकटे फिरायले लागले तवापासून. मूठ आवळा."

सुई दुखली. मी ओरडलो. ती म्हणाली, सगळ्यांनाच दुखतं, पण कोणी एवढं ओरडत नाही.

राजपाल गाडीवर घरी घेऊन आला. रस्ताभर बोलला नाही. मला पाहून धक्का बसला असणार.

१६ मे, शुक्रवार
सकाळी सगळ्यांना समोर बसवून विश्वास या विषयावर बोललो. चांगला बोललो. शेवटी मोठ्या मनाने म्हटलं, झालं ते झालं, मी माफ करतो, स्नेहाने बॅग भरावी.

स्नेहा म्हणाली, "मी नाही येत."

समजावलं की नोकरी तिला झेपणार नाही, आधीही कोणी घेतलं नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, "लॅबवाल्यानं त्याच दिवशी सांगतलं मले, का तुमच्या मिस्टरचा फोन आला होता. मी दोन दिवस नोकरीसाठी नाही रडली."

वर्षभर माहीत होतं. वर्षभर माझ्यासाठी पोळ्या केल्या, डबा भरला, काही बोलली नाही. मी म्हटलं, मग बोलायचं ना. ती म्हणाली, "बोलली असती तर तुमी माही भाषा सुधारली असती."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सासूबाई उठल्या आणि माझे कपडे दोरीवरून काढून घडी करून आणले. अजून ओले होते. सासऱ्यांनी बसची वेळ सांगितली. कंडक्टर होते, पाठ असते. स्टँडवर राजपाल सोडायला आला. बस सुटेपर्यंत थांबला. सुटल्याची खात्री करून गेला.

१७ मे, शनिवार
वाशीम. घरात भांडी कुठे असतात ते सापडत नाही.

एकांतात शांत विचार केला. रागाच्या भरात बोलली. चार दिवसांत येईल. तरी रिपोर्टच्या निमित्ताने लॅबला फोन केला. तिनेच उचलला. मी मुद्दाम खोल आवाज काढला, म्हणजे काळजी वाटेल. म्हणाली, रिपोर्ट नॉर्मल आहे, कोणी न्यायला येणार का? मी म्हटलं, मीच येतो.

"मंग उद्या या. रविवारी माही सुट्टी असते."

म्हणजे सुट्टीच्या दिवशी निवांत भेटायचं आहे! सरळ बोलता येत नाही तिला. पांढरा शर्ट इस्त्री केला. कॉलर जरा जळली. आत दुमडली तर दिसत नाही.

१८ मे, रविवार
कारंज्याला गेलो. लॅबमध्ये दुसरीच मुलगी. रिपोर्ट दिला. मग सासुरवाडी. भिवाजी ओट्यावर एकटेच. पाणी दिलं. स्नेहा कुठे आहे विचारलं. मायलेकी फिरायला गेल्यात म्हणाले.

मी म्हटलं, थांबतो.

बराच वेळ दोघंही रस्त्याकडे बघत बसलो. दिवे लागले. वेशींबद्दल बोलावंसं वाटलं, बोललो नाही. शेवटी विचारलं, कधी येतील?

भिवाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. हळू म्हणाले, "तुमी गेल्यावर येतीन त्या घरी."

निघालो.