पडद्यावरची फिल्म

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

दादा वाचून दाखवतोय ना? दादा, एकही ओळ गाळू नकोस.

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. मोठी बातमी म्हणजे मी कॉम्प्युटर घेतला. आता ऑफिसचे नकाशे घरी बसूनही काढता येतील. खोका मात्र आठवडाभर दारातच पडून होता. आपल्याकडे सगळे जमल्याशिवाय नवी वस्तू उघडत नाहीत ना! शेजारीण म्हणाली, "अगं, आत साप आहे का?" शेवटी काल एकटीनेच उघडला.

एक वायर काही केल्या बसेना. दोन शिव्या घातल्या, मग कळलं की मीच ती उलटी धरली होती. पुढे त्याने भाषा विचारली, नाव विचारलं, पासवर्ड मागितला आणि झाला सुरू.

फक्त पडद्यावरची प्लास्टिकची फिल्म तशीच आहे. तो मान तुझा. फ्रिज आला, टीव्ही आला, दर वेळी नखाने कोपरा उचलून तू ती एका दमात ओढायचीस आणि आम्ही टाळ्या पिटायचो. मी कोपऱ्याला नख लावलं आणि हात मागे घेतला.

त्यामुळे सगळं जरा धुरकट दिसतं. तुलाही असंच दिसतं का गं? मी आल्याशिवाय मोतीबिंदू काढायचा नाही, असं म्हणतेस म्हणे. माझ्या रजेचं अजून काही खरं नाही, आई. दादा, ही ओळ दोनदा वाच.

तू डोळ्याचं करून घे आणि मग इकडे ये. फिल्म तूच ओढायची आहेस. तोवर मीही धुरकटच बघेन.

तुझीच,
धाकटी