मीटर हिरवा होईपर्यंत

३ मार्च, सकाळ
ही चिमणीला घेऊन भावाकडे गेली. आपल्या घरात पोरीला धाप लागते म्हणे. डॉक्टर म्हणाले होते, हवा खेळती ठेवा. पंखा मी कधी बंद ठेवलाय? घरातली हवा सुधारली की परत येऊ, असं ही म्हणाली. ठीक. हवाच तर आहे, सुधारू.

४ मार्च
हवेचा मीटर आणला. खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. आठशेच्या आत हिरवा दिवा, हजाराच्या वर लाल. दुकानदार म्हणाला, रोज थोडा वेळ खिडकीत ठेवत जा. मीटर आहे की कुंडी?
लावल्या लावल्या लाल. शेजारची इमारत पाडताहेत, धूळच धूळ. सगळ्या खिडक्या लावून फटींवर चिकटपट्टी मारली. आता घाण येईल कुठून?

५ मार्च
चौदाशे. मीटर खोटा आहे. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, साहेब, तुम्ही तोंड जवळ नेऊन बघता, तुमचाच श्वास मोजला जातो. म्हणजे दोष माझ्या फुप्फुसांचा. उद्यापासून लांबून बघणार.

६ मार्च
लांबून आकडा दिसत नाही. दुसरा मीटर आणला. एक म्हणतो बाराशे, दुसरा सोळाशे. ही घरात नसतानाही दोन मतं. सोळाशेवाला कपाटात टाकला.

८ मार्च, रात्री
रोज संध्याकाळी हिला व्हिडिओ कॉलवर मीटर दाखवायचं ठरलंय. आज कॉलआधी श्वास रोखून धरला. दिवा लाल तो लालच, वर मला बोलता येईना. चिमणीने विचारलं, बाबा, रडतोयस का? मान हलवून नाही म्हटलं. कॉल संपल्यावर रडलो. तेवढ्यानेही आकडा वाढला.

११ मार्च
डोकं जड. घरी आलं की जांभयांवर जांभया. ऑफिसात असं होत नाही. तिथे काळजी नसते ना.
पण आकडा नऊशे! पट्टीचा गुण.

१३ मार्च
चारशे वीस. हिरवा! हिला फोटो पाठवला. उद्या येते म्हणाली. ऐन वेळी दगा नको म्हणून पट्टीचा आणखी एक थर दिला.

१४ मार्च
दोघी आल्या, सोबत मेहुणा. मीटर हिरवा, मी दारात. चिमणी आधी खोकली, मग तिला धाप लागली. मी तिला मीटर दाखवत होतो. हिने पट्टी ओरबाडून खिडकी उघडली. आकडा कोसळला. तीनशे, शंभर, शून्य.
मेहुण्याने दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, हा मीटर आठवडाभरातली त्यातल्या त्यात बरी हवा ताजी, म्हणजे चारशेची, धरतो आणि तिथून मोजतो, म्हणून तर खिडकीत ठेवा म्हटलं होतं. तुम्ही कोंडलेलीच हवा दिलीत, त्याने तीच ताजी मानली.
ही म्हणाली, तुझ्यासोबत राहून त्यालाही सवय झाली. पोरीला कडेवर घेतलं आणि गेली. परत कधी, ते विचारायचं राहिलं.

१५ मार्च
खिडक्या उघड्या. घरभर धूळ. मीटरवर शून्य, म्हणजे घरात श्वास घेणारं कोणीच नाही. जवळ जाऊन फुंकर मारली. आकडा हलला. जरा बरं वाटलं. परत मारली.