खोडाभोवतीची फट

दादा,

तुझा फोटो आज टपालाने आला. त्याच्या मागच्या बाजूला तू लिहिलंयस, "बघ, घराने झाडाला मिठी मारली!" वहिनी हसतेय, छोटी खोडाला टेकून बसली आहे. मी मात्र नुसतं खोडच बघत राहिले.

उतारावरची तुझी ती खोली आखताना मी मधलं झाड तोडू दिलं नाही. फळ्यांमधून खोड वर जाऊ दिलं आणि त्याला डोलायला चारी बाजूंनी वीतभर फट ठेवली. तू चिडवलंस, "आर्किटेक्टबाई, झाडाची परवानगी घेतलीत का?"

फोटोत चढाकडची फट दिसतच नाही. फळी खोडाला भिडली आहे. वाऱ्याने हललेलं झाड परत जागेवर येतं रे. इथे झाड सरळ, जागेवरच उभं आहे. खोली खाली सरकतेय.

तिथे फोन लागत नाही, पत्राला आठवडा लागतो. हे मी टाकणारच नाही. पंपावर गाडीत पेट्रोल भरून होईपर्यंत लिहितेय. निघालेच.

फोटोच्या कोपऱ्यात छोटीचं अक्षर आहे: "आत्या, आमचं घर रात्री कर्र-कर्र गातं."

दादा, मी गाणारं घर आखलं नव्हतं.

तुझी,
आर्किटेक्टबाई