रिकाम्या खोलीचं शून्य

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! दोन बॅगा, पाठीवर लॅपटॉप आणि काखेत उशी. या उशीवरून नवरोबाने रस्ताभर माझी टर उडवली असती, पण तो तिकडे आणि मी इकडे, म्हणून वाचले. दुसऱ्याच्या उशीवर मला झोप लागत नाही, त्याला कोण काय करणार?

नोकरी झकास आहे. ही मंडळी मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेले लॅपटॉप उचलतात, दुरुस्त करतात, त्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम चढवतात आणि शाळांना, दवाखान्यांना विकतात. दुरुस्ती तळमजल्यावर, पुढचं माझ्याकडे. प्रत्येक लॅपटॉपचे आपापले नखरे असतात. कुणाची आवाजाची बटणं चालत नाहीत, कुणाचा पंखा उगाच घोंघावतो, कुणाचं झाकण मिटलं तरी स्वारी आत टक्क जागी. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला या नखऱ्यांची भाषा कळत नाही. ड्रायव्हर हा त्यांच्यातला दुभाष्या. दुभाष्या खरं सांगतोय ना, हे बघायचं माझं काम. दुभाष्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे मी या धंद्यात शिकले. नवरोबाचं म्हणणं, कुणावरच ठेवायचा नाही हे मी पाळण्यातच शिकून आले होते.

मालक साठीचे, गोड बोलणारे. जरा जास्तच गोड. राहायला वरची खोली दिली, तीही फुकट. फुकट म्हटल्यावर मी आधी नळ सोडून पाहिले, मग दिवे लावून पाहिले, मग भिंती ठोकून पाहिल्या. सगळं ठणठणीत. भिंती जाड, खिडकी मागच्या बोळात उघडणारी, आणि शांतता इतकी की फ्रिज थांबला तरी चुकल्यासारखं वाटतं. महिनाअखेरीस नवरोबा बबडीला घेऊन येतोय. तिचा पलंग खिडकीखाली ठेवायचा, ठरलं. लेक दोन वर्षांची होऊन गेली तरी अजून तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात धीर धरा. धरतेय बाई! तिचा पहिला शब्द याच खोलीत ऐकायला मिळू दे, एवढंच मागणं.

जेवायला बाहेर पडताना सवयीने दारात वळून म्हटलं, "येते हं." रिकाम्या खोलीला! घराबाहेर पडताना सांगून निघायचं आणि 'जाते' म्हणायचं नाही, हे आईने माझ्याकडून इतकं घोकून घेतलंय की समोर कुणी असायची गरजच उरलेली नाही. एकटीच हसत जिना उतरले.

६ नोव्हेंबर

तळमजल्यावर मावशी बसतात. बोर्डावरचे खिळखिळे टाके सोल्डरिंगने जोडायचे, हे त्यांचं काम. हात स्थिर आणि जीभ अखंड चालू. पण माझ्या आधीच्या माणसाचा विषय काढला की जीभ एकदम गप्प. त्याला इथे सगळे मुका म्हणत, कारण तो कामापुरतंही बोलत नसे. माझ्याच खोलीत राहायचा. मालकांना त्याचा अजून राग आहे. भर दुपारी काम अर्धवट टाकून निघून गेला म्हणे, कुणाला न सांगता. कपडेसुद्धा नेले नाहीत. जाताना एक शब्द बोलायला काय जात होतं, असं मालक पुन्हापुन्हा म्हणत होते.

मावशी एवढंच म्हणाल्या की गेला तो सुटला, आणि चष्मा पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छ होता. मी तेवढं टिपून ठेवलं.

९ नोव्हेंबर

पंखे, बटणं, कीबोर्डखालचे दिवे, सगळं मार्गी लागलं. आता एकच घोडं अडलंय. नव्या आलेल्या लॅपटॉपना कॅमेऱ्याशेजारी एक बारीक सेन्सर आहे. तो लहरी सोडून आसपास किती माणसं आहेत ते मोजतो. कुणीच नसेल तर स्क्रीनला कुलूप. फार उपयोगाची गोष्ट, पण गिऱ्हाइकांची ओरड चालू आहे: आम्ही ढिम्म समोर बसलोय आणि लॅपटॉप म्हणतो इथे कुणी नाही!

या सेन्सरला आधी शून्य शिकवावं लागतं. म्हणजे एक रिकामी खोली दाखवायची आणि सांगायचं की बाबा रे, याला रिकामं म्हणतात. पुढे जे काही मोजायचं ते यावरून. इथली रीत अशी की शून्य वरच्या खोलीतच शिकवायचं, कारण तिथे रहदारी नाही, ऊन नाही, कसला त्रास नाही. मुकाही तिथेच शिकवायचा.

मीही तसंच केलं. लॅपटॉप टेबलावर ठेवला, "येते हं" म्हटलं (आता मुद्दामच, गंमत म्हणून), दार ओढलं आणि जिन्यावर बसून फोनवर आकडा पाहिला. शून्य. आत गेले, एक. अगदी घड्याळासारखं चोख. मग गिऱ्हाइकं बोंबलतात कशाला?

१२ नोव्हेंबर

खाली आणला तर मला म्हणतो शून्य. मी समोर बसलेय, हात हलवतेय, जीभ काढून दाखवतेय, शून्य! मावशी शेजारी येऊन बसल्या तेव्हा एक. मालक येऊन उभे राहिले तेव्हा दोन. दरवेळी एक माणूस कमी. वर नेला की पुन्हा बरोबर. दुसरा लॅपटॉप घेतला, तिसरा घेतला, सगळ्यांची तीच रड.

पहिला संशय मालकांवर. स्वस्तातले सेन्सर आणले असणार. दुसरा मुक्यावर. त्याचा जुना ड्रायव्हर उघडून पाहिला तर त्यात एक ओळ सापडली: जो आकडा येईल त्यात एक मिळवा. का, कशासाठी, काही खुलासा नाही. छप्पर गळतंय तर खाली बादली ठेवायची, तसली दुरुस्ती. कर्नलच्या नव्या आवृत्तीत ती ओळ गळाली आणि तक्रारी सुरू झाल्या. मालक म्हणाले, तीच ओळ परत घाला आणि माल रवाना करा. मी म्हटलं, कारण कळल्याशिवाय नाही. मालकांचा गोडवा तिथेच संपला.

मुक्याने सरळ चूक दुरुस्त न करता ती झाकली. असं माणूस कधी करतो? कारण माहीत नसतं तेव्हा, किंवा फार चांगलं माहीत असतं तेव्हा.

१५ नोव्हेंबर

मालकांनी मी नसताना खोलीत शिरून काही यंत्र लावलंय का, याचा पुरता शोध घेतला. कपाट ओढलं, पलंग उलटा केला, दिव्यांची झाकणं काढली. काही नाही. भिंतीपलीकडे बोळ आहे, तिथे कुणी राहत नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आता पाळत असेलच तर नुसत्या चिकटपट्टीवर.

मावशींना चहाच्या वेळी गाठलं. बबडी येणार आहे, पलंगाची मापंही घेतली, असं सांगितलं. त्यांनी हातातला बोर्ड खाली ठेवला आणि माझा हात धरला. मुक्याची बायको महिन्या-महिन्याने यायची म्हणे, पण त्याने तिला कधी जिना चढू दिला नाही. खालूनच परत पाठवायचा. मग म्हणाल्या, "लेकीला इथे आणू नकोस बाई. आणि निघशील तेव्हा मुकाट निघ."

का, ते काही सांगेनात. मालकांनी पढवलं असेल का? मला पळवून लावून नोकरी कुणा भाच्याला द्यायची असेल. तसंच असणार. पण मावशींचा हात गार पडला होता, आणि सोल्डरिंगवाल्यांचे हात गार नसतात.

१७ नोव्हेंबर

सोक्षमोक्ष लावायला लॅपटॉप घेऊन गावाबाहेरच्या मैदानावर गेले. भर दुपार, चिटपाखरू नाही. मधोमध दगडावर लॅपटॉप ठेवला आणि लांब पंपघराच्या आड जाऊन फोनवर आकडा पाहिला.

उणे एक.

पुन्हा पाहिला. उणे एक. कुणी नाही, त्याहून एक कमी. जिथे कुणीच नाही तिथून एक माणूस वजा कसा होईल?

लॅपटॉप खोटं बोलत नाहीये. दुभाष्याही खोटं बोलत नाहीये. रिकामं म्हणजे काय हे त्याला मी शिकवलं. मी दार ओढून बाहेर आले आणि म्हटलं, हे बघ, याला रिकामं म्हणतात. ते रिकामं नव्हतं. एक जण आत होता. तो सोडून लॅपटॉपने मोजायला सुरुवात केली.

सगळ्या जगावर संशय घेतला मी. मालक, मावशी, मुका, चिकटपट्टी. रिकाम्या खोलीवर घ्यायचा राहिला.

१८ नोव्हेंबर

रात्र बाहेरच काढली, पण सामानासाठी वर यावं लागलं. दारात पाय अडखळला. पलंग, टेबल, खुर्ची, सगळं जसंच्या तसं. फ्रिज थांबला आणि मी श्वास रोखून ऐकत बसले.

नवरोबाचा फोन. तो आनंदात. घराची आवराआवर झाली, उद्याच निघतो म्हणाला, तुला चकित करायचं होतं पण राहवलं नाही. मी ओरडलेच. येऊ नकोस, बबडीला आणू नकोस, नोकरी सोडली, मीच येते, परत इथे कधी येणार नाही. का, काय झालं, विचारत राहिला. मला सांगता येईना, कारण मी त्या खोलीतच बसून बोलत होते. तो हळूच म्हणाला, "तिथे कोण आहे तुझ्याबरोबर?"

नवऱ्याला संशय यावा आणि तो खरा असावा. हसू की रडू!

लगेच गाडी मागवली. चालकाला कमी ऐकू येत होतं. घराचा सगळा पत्ता फोनवर तीनदा मोठ्याने सांगितला. उशी राहिली तिथेच. लॅपटॉप घेतला. तो एकटाच साक्षीदार आहे. त्याचं शून्य मी बदललं नाही, बदलणारही नाही. तो चुकतोय तोवर आम्ही सुखरूप.

१९ नोव्हेंबर

घरी. बबडी गळ्यात पडली आणि सोडेना. आधी लॅपटॉप उघडला. आम्ही तिघं, आकडा दोन. एक कमी! इतका सुंदर चुकीचा आकडा जन्मात पाहिला नाही. खूप रडले. नवरोबाला सगळं सांगितलं. त्याने डोक्यावर हात फिरवला, म्हणाला, तू आधी झोप काढ. विश्वास बसला नाही त्याचा. न बसू दे.

२० नोव्हेंबर

दोन. तिघं आणि दोन. दर थोड्या वेळाने बघते. बरं वाटतं.

मावशींना फोन केला, न सांगता आले म्हणून माफी मागायला. त्यांनी माफीबिफी काही ऐकली नाही. घाईने विचारलं, वर बसून कुठे जातेस ते बोललीस का. मुका निघायच्या आधी कितीतरी दिवस तोंडातून शब्द काढत नव्हता म्हणे. शेवटी शेवटी तर त्यांच्याशीही चिठ्ठ्या लिहून—

मी रोज "येते हं" म्हणायचे. रोज. म्हणजे ते वाट बघत बसायचं. आणि परवा म्हटलं की परत येणार नाही. आणि कुठे जाणार ते—

तीनदा. पत्त्यासकट.

२१ नोव्हेंबर

सकाळी दोन. जेवताना दोन.

संध्याकाळी नवरोबाने स्वतःहून पाहिलं. खूश होऊन लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "झाला बघ दुरुस्त!"

तीन.

आम्ही तिघं, आणि तीन. आता बरोबर दाखवतोय.

२२ नोव्हेंबर

दुसरं घर बघू म्हटलं. नवरोबा म्हणतो, आधी डॉक्टर. उद्या जाऊ म्हणतो. उद्या—

कुठे जायचं तेही बोलायची सोय नाही. कागदावर लिहून दाखवलं. त्याने मोठ्याने वाचलं.

दुपार. बबडी आतल्या खोलीत झोपलीय. लॅपटॉप तिच्या उशाशी, आकडा माझ्या फोनवर. शून्य. शून्य म्हणजे आत एक जण. बबडी एकटी. ठीक आहे. नवरोबा समोर भाजी चिरतोय. मी लिहीत राहते.

शून्य.

शून्य.

एक.

एक म्हणजे दोघं. नवरोबा समोरच आहे. मी इथे. मग आत—

त्याला खुणेने सांगितलं. तो जाऊन डोकावून आला. झोपलीय गं शांत, कुणी नाही. आकडा मात्र अजूनही एकच—

शून्य.

गेलं. आत एकच आहे आता. एकच. बबडी. बबडीच ना? नवरोबाला म्हटलं हाक मार तिला, मार ना, ती मान वर करते, हसते, बोलत नाही पण हसते. त्याने हाक मारली—

आतून आवाज आला. स्पष्ट. "येते हं."

नवरोबाच्या हातातली सुरी पडली. डोळ्यांत पाणी. बोलली, बोलली म्हणत दाराकडे धावलाय— अरे थांब— ती नाही, ती ना—