डाव्या बाजूची झडप

बाई,

तुमचा हृदयावरचा तो पहिला तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. लढाई चालू होती. सांगलीच्या आपल्या दवाखान्यातले पुरुष डॉक्टर पलटणीबरोबर गेले होते आणि आम्हा नर्सिंगच्या मुलींना शिकवायचं काम मागं उरलेल्या एकट्या डॉक्टर म्हणून तुमच्या अंगावर आलं होतं. सकाळीच तुम्ही खाटकाकडून बकऱ्याचं हृदय घेऊन आलात. "काळीज म्हटलं की मेला कलेजी बांधून देतो, शेवटी मूठ आवळत-सोडत, धडधडणारं ते हवं म्हटलं," असं म्हणत तुम्ही ते ताटलीत ठेवलंत. बाकीच्या मुलींनी नाकाला पदर लावला. मी आटपाडीकडच्या माळावरची, मेंढरांमागं वाढलेली, मी पुढं सरकले. तुम्ही वरचं पातळ आवरण नखानं सोडवलंत, मग मधला स्नायूंचा थर कापून दाखवलात आणि सगळ्यात आतलं गुळगुळीत अस्तर बोटानं चाचपायला लावलंत. उजवी भिंत पातळ, कारण तिला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं. डावी जाड, कारण तिच्यावर सगळ्या शरीराचा भार. मग त्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत तुम्ही तांब्यानं पाणी ओतलंत. आतले झडपेचे अर्धचंद्रासारखे तीन खिसे फुगले, एकमेकांना टेकले, आणि पाणी वरच थांबलं. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही पुन्हा पाणी ओतलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला नळीनं एकमेकींची छाती ऐकायला बसवलंत. माझी जोडीदारीण विट्याची होती. तिनं नळी लावली आणि ओरडली, "बाई, हिच्या छातीत भाता फुंकतोय!" तुम्ही आलात, ऐकलंत, मला डाव्या कुशीवर निजवून पुन्हा ऐकलंत. मग हळूच विचारलंत, लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का? सुजले होते. आईनं निर्गुडीचा पाला बांधला होता, आणि महिनाभर मी घोंगडीवरून उठले नव्हते. तुम्ही वर्गात एवढंच म्हणालात, "ठीक आहे." पण दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी ऐकलं आणि वडलांना निरोप गेला की मुलीच्या हृदयात दोष आहे, वॉर्डाचं काम तिला झेपणार नाही, घेऊन जा. मी ट्रंक भरून ठेवली. रडले नाही, पण त्या तीन खिशांखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वडील येतात ते अजून दिसतात. खांद्यावर घोंगडी, मोटारीच्या धुळीनं मिशा पांढऱ्या, वहाणा वर्गाच्या बाहेर काढलेल्या. तुम्ही त्यांना खुर्ची देता, ते जमिनीवर बसतात, तर तुम्हीही ताटलीत दुसरं ताजं हृदय घेऊन खालीच बसता. मेट्रनबाई दारात उभ्या आहेत. तुम्ही डावी बाजू उघडता आणि दोन पाळ्यांची झडप दाखवता, खालून बारीक दोऱ्यांनी ताणून धरलेली.

"ह्ये दोरं कशाला वं?"

"जोरात रक्त आलं की पाळ्या उलट्या होऊ नयेत म्हणून. तुमच्या मुलीची एक पाळी तापानं जराशी आखडलीय. झडप पुरती मिटत नाही, फट राहते. थोडं रक्त मागं फिरतं, त्याचाच आवाज."

वडील एका दोऱ्याला बोट लावून बघतात. "मंजी मरंल का ती?"

"आज तरी तसं काही नाही. धाप लागली तर थांबायचं, पाय सुजले तर मला सांगायचं. लग्न झालं तर बाळंतपणाला माझ्याकडं आणायचं."

"मग घरी न्हिऊ का ऱ्हाऊ दिऊ? तुमी सांगा."

"घरी काय काम करेल?"

"काय करनार? मेंढरांमागं हिंडंल."

"दिवसभर?"

"व्हय की. उन्हाळ्यात लय लांब जावं लागतंय."

तुम्ही मेट्रनबाईंकडं वळून म्हणालात, "ऐकलंत ना? आपला वॉर्ड त्यापेक्षा लहान आहे." वडील आधी हसले, मग मेट्रनबाई. एवढ्यावर मिटलं असतं, पण तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "तुला काय वाटतं?" असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मला उजवी बाजू अजून नीट बघायचीय." तुम्ही चाकू माझ्या हातात दिलात.

पुढं सगळं बरंच झालं, बाई. पास झाले. मेढ्याला नेमणूक मिळाली, चढाची गावं. धाप लागली की बांधावर बसायचे, बाळंतिणीकडचा माणूस कंदील घेऊन थांबायचा. तिथल्या शाळेतल्या मास्तरांशी लग्न झालं. लेकीच्या वेळी तुम्ही शब्द पाळलात, आणि कळा मधेच थांबल्या तेव्हा नळी कानाला लावून माझ्या उशाशी बसून राहिलात. तुम्ही गेलात ते मला उशिरा कळलं, पाऊस होता, घाट बंद होता. नंतर माझ्याकडं शिकायला आलेल्या किती मुलींना मी बकऱ्याचं हृदय उघडून दाखवलं. प्रत्येक वेळी पाणी थांबलं की कुणीतरी एक जण पुढं सरकायचीच.

परवा साताऱ्यात एका तरुण डॉक्टरानं पडद्यावर मला माझी झडप दाखवली. आखडलेली ती पाळी, दोऱ्यांवर लटकत, उघडतेय, मिटतेय, फटीतून थोडं रक्त मागं येतंय. "आजी, या वयापर्यंत हे कसं काय टिकलं?" तो म्हणाला. घरी आले, लेकीला फोन केला, तिनं सगळं ऐकून औषध वेळेवर घे म्हटलं. तिचं बरोबरच आहे.

हे पत्र कुठल्याही पेटीत टाकलं तरी तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ते मला ठाऊक आहे. खरं सांगू का? मला फक्त तुमच्याकडून शाबासकी हवी होती, एवढी वर्षं टिकले म्हणून.