नैर्ऋत्येला तोंड केलेली अँटेना

ब्रह्माघाट, काशी
१९ जून १९९१

चि. सौ. इंदूस नरहरदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त ऊन जिवावर उठलंय. तुझा गुडघा कसा आहे ते कळव (मागच्या पत्रात तू ते शिताफीनं गाळलंस).

मंगळवारी, म्हणजे काल, साडेसहाला मुंबईच्या टीव्हीवर गाणार असं तू लिहिलंस. मुंबई इथून आठशे मैल! पण आमची मैत्रेयी (विद्यापीठात फिजिक्स शिकते, म्हणून घरात कुणाचं ऐकत नाही) म्हणाली की ज्येष्ठात कधीकधी लांबच्या केंद्राचं चित्र आभाळावर आपटून इथवर येतं. मग काय, टीव्ही छतावर नेला, गुढीच्या काठीला अँटेना बांधली आणि तिचं तोंड केलं नैर्ऋत्येला. तेवढ्यात नाना वर आले. ती राक्षसांची दिशा, तिकडे तोंड करून काही मांडू नये, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, इंदूचं सासरही तिकडेच आहे. तू आपल्या मर्जीनं लग्न केलंस त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. पण काल खाली गेले नाहीत, पाट ओढून बसले.

साडेसहा वाजले तरी नुसत्या मुंग्या. मी आपला छत बघत बसलो. इथेच तू माझी चरखी धरायचीस आणि पतंग कटला की माझ्याआधी रडायचीस. फार आठवण आली ग. इतक्यात एका माकडानं काठीवर उडी मारली, अँटेना फिरली आणि मुंग्यांतून एक गाणारी बाई वर आली! ठसठशीत कुंकू, काठाची साडी, आवाजाची नुसती खरखर. नाना चष्मा पुसून पुढे सरकले आणि म्हणाले, "वाळली ग पोर."

अर्ध्या मिनिटात चित्र गेलं. रात्री जेवताना त्यांनी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली (त्यांना कुणी सांगितलं देव जाणे).

घरात सर्वांना यथायोग्य सांग.
तुझा दादा,
नरहर

ता. क. खरं सांगतो, चित्राखालची अक्षरं तमिळ होती. बाई मद्रासची असणार. मोतीबिंदूमुळे नानांना ते दिसलं नाही. तू सुट्टीत ये, आणि त्यांनी विचारलंच तर मीच गात होते म्हण.

ता. क. दुसरा. चि. इंदूस आशीर्वाद. नरहरनं हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. तुमची सगळी पत्रं मी वाचतो. चाळीस वर्षं तमिळ यजमानांची श्राद्धं चालवतोय, ती अक्षरं मला येतात. ती तू नव्हेस हे तेव्हाच कळलं होतं. पण तुझ्याविषयी बोलायला नऊ वर्षांत दुसरं निमित्त मिळालं नाही. ये. जावयांनाही घेऊन ये.
नाना