टक वाजल्यानंतरचा पाव फेरा

प्रिय बारक्या,

चार वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. बातमी कारखान्याची आहे आणि ती तुला दुसऱ्या कुणी सांगितलेली मला चालणार नाही. आपल्या लाईनवरून गेल्या तीन महिन्यांत एकही गळका पंप बाहेर गेलेला नाही. एकही नाही!

वर्षापूर्वी नवे मॅनेजर आले. म्हणाले, चुका पकडायला शेवटी तपासनीस उभा करायची पद्धत पुरे. लाईनवरच्या आठ जणांनी दर बुधवारी तासभर बसायचं, दोष कुणाचा हे न विचारता तो कशामुळे येतो ते फळ्यावर मांडून शोधायचं. मी पोट धरून हसले. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. एकवीस वर्षं बोल्ट आवळणारीला फळा काय शिकवणार?

पण पॅकिंगमधल्या मावशी चिकाटीच्या निघाल्या. पंपाचं चित्र काढून जिथे गळती दिसेल तिथे ठिपका द्यायच्या. दोन महिन्यांत सगळे ठिपके चौथ्या बोल्टाभोवती गोळा झाले. जोडातली रबरी गॅस्केट वाकडी बसत असती तर ते चहूकडे पसरले असते. चौथा बोल्ट मी सगळ्यात शेवटी आवळते.

ठरावीक जोर लागला की पाना टक वाजतो, तिथे थांबायचं, हे नव्या माणसांना मीच शिकवते. स्वतः मात्र त्या शेवटच्या बोल्टाला टक वाजल्यावरही पाव फेरा जास्त द्यायचे. जास्त आवळलं की जास्त पक्कं, ही बाबांची शिकवण. तेवढ्याने खालची गॅस्केट चिरडत होती. गुपचूप हात आवरला असता तर गळती थांबली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. आठवडाभर घास गोड लागला नाही. बुधवारी उभी राहिले आणि सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. आता आमच्यातच बसणारे तपासनीस म्हणाले, दहा पंप तुमच्या पद्धतीने करा, दहा टकपर्यंत. माझ्या दहांतले चार गळले, बाकीचे दहा कोरडे. सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की मला रडूच आलं. आता दुसऱ्या विभागांत मला बोलावतात आणि जिला एक शब्द बोलायची सोय नव्हती ती मी आपली चूक छाती पुढे काढून सांगते.

गॅस्केट तू बसवायचास. चार वर्षांपूर्वी गळतीचा ठपका तुझ्यावर आला, तेव्हा तू एवढंच म्हणालास, "ताई, एकदा तुझाही हात तपासू दे." मी तुला सगळ्यांदेखत झापलं. तुझ्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि तू नोकरी सोडलीस. परवा आम्ही आठही जणांनी सह्या करून तो शेरा खोडायला लावला. मॅनेजरांच्या सहीची प्रत सोबत आहे, पण तो ऑफिसचा कागद. माझं म्हणणं वेगळं आहे. तुझं काम चोख होतं, बारक्या. चूक माझी होती. लाईनसमोर बोलले, आईसमोर बोलले, तुझ्यासमोर बोलायचं राहिलंय. रविवारी येते आहे. दार नाही उघडलंस तर बाहेरूनच ओरडून सांगेन, तुझ्या शेजाऱ्यांनाही कळू दे.

तुझीच,
हट्टी ताई